नवसाचा कोंबडा फाटकाबाहेर

खडवलीला आमची अंड्यांच्या कोंबड्यांची शेड आहे आणि शेडला लागूनच घर. तालुक्यात कुठेतरी रोगाने कोंबड्या मेल्याची बातमी आली, तेव्हा जनावरांचे डॉक्टर येऊन आम्हाला चांगलेच झापून गेले. रोग शिरला तर आजारी-निरोगी कोणी बघत नाही, सगळ्या मारून पुरतात. मग ठरलं. एकच फाटक, फाटकाशी चुना, शेडच्या चपला वेगळ्या, टेम्पो रस्त्यावरच थांबणार. बाहेरचा पक्षी आत नाही. आणि ज्याने तसल्या पक्ष्याला हात लावला, त्याने ठरलेले दिवस कुंपणाच्या आत यायचं नाही.

"बाहेरून कोंबडी येते का कुणाची?" डॉक्टरांनी विचारलेलं.

"छे! एक पण नाय," सासूबाई म्हणाल्या. मीही मान हलवली. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

सासूबाईंनी ते नियम असे काही मनावर घेतले की विचारू नका! फाटकाशी खुर्ची टाकून बसायच्या. अंडी मागायला आलेल्या सख्ख्या जावेला त्यांनी बाहेरूनच वाटेला लावलं. चुन्यात पाय नीट बुडवला नाही म्हणून मला मागे पाठवायच्या. डोकं फिरायचं माझं.

एका सकाळी माजिवड्याहून मामा आले, सासूबाईंचे थोरले भाऊ. काखेत लाल, तुरेबाज कोंबडा. रिक्षातून उतरताच हाक, "काय गो बाय, फाटक लावून बसलीस?" सासूबाई धावत बाहेर गेल्या, कोंबडा छातीशी धरला आणि हळदकुंकवाचं तबक आण म्हणून मला ओरडल्या.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. सासूबाईंची पहिली दोन मुलं जगली नाहीत. तिसऱ्या वेळी मामांनी गावदेवीला नवस बोललेला, भाचा जगला तर दरवर्षी माझ्या हातचा कोंबडा. तो भाचा म्हणजे माझा नवरा. कोंबडा दरवर्षी यायचा, जत्रेपर्यंत शेडमागे बांधलेला असायचा, आमचंच खाद्य खायचा. पण तो देवीचा! त्याला कोंबड्यांत धरायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्याही नाही.

मी फाटक आतून ओढून घेतलं. "आई, त्याला आत आणायचं नाही."

"बाजारात फिरून निवडून आणलाय," मामा म्हणाले. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "नवस कोण परत नेतो काय?"

"माझ्या पोराच्या जिवाचा हाय हा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कोंबडा आणखी घट्ट धरला. मला रडू फुटलं. अहो, तो माझाही नवराच की! पण आत शेडमध्ये कोंबड्यांचा कलकलाट चाललेला, आणि मी कडी सोडली नाही.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आत शेडकडे. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

"चल दादा," त्या शेवटी म्हणाल्या. "इथूनच देवीकडं जाऊ. आजच देऊ."

"जत्रा लांब हाय गो."

"देवीला जत्रा नाय, कोंबडा पायजे."

दुपारी देवळातून त्यांचा फोन आला. नवस फिटला होता. "माझे हात लागलेत, मी काय आत येत नाय. दोन साड्या पिशवीत घालून फाटकाबाहेर ठेव. दादाकडं जाते." आवाजात राग नव्हता. नियम तो नियम.

रोग आमच्याकडे आला नाही. ठरलेले दिवस भरल्यावर मी माजिवड्याला फोन केला. "आई, आता या. डॉक्टरांची हरकत नाही."

पलीकडे मामा कशावरून तरी मोठ्याने हसत होते. सासूबाई हळूच म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून माहेरी अशी राहिलीच नाय गो मी. आधी म्हशी, मग कोंबड्या, मागं कोण बघणार? डॉक्टरला विचार ना, अजून थोडे दिवस सांगतो काय."

मला भरून आलं. डॉक्टरांना मी विचारलंच नाही. म्हटलं, "हो आई, ते म्हणतायत, महिनाभर तरी नको."