पहिल्या तासाचा टोल

सगुणाबाईला शाळेत शिपाई म्हणून घेतलं, ते मुलींसाठी. मानवत-पाथरी रस्त्यावरच्या त्या गावात मुलामुलींची एकत्र माध्यमिक शाळा निघाली तेव्हा मुलींच्या बापांनी एकच विचारलं : शाळेत बाईमाणूस कोण हाय? शिक्षक तर सगळे पुरुष. मग संस्थेनं भीमनगरातल्या सटवाजीच्या बायकोला नेमलं आणि मुलींची नावं पटावर चढली. ते बाईमाणूस शिकवणारं असावं, असं कोणी म्हटलं नव्हतं.

ती वर्ग झाडायची, मुलींबरोबर असायची आणि टोल द्यायची. व्हरांड्यात रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. मुख्याध्यापक माणिकरावांनी पहिल्याच दिवशी भिंतीवरचं घड्याळ दाखवून सांगितलं होतं, "एक तास म्हणजे चाळीस मिनिटं." तिनं मान हलवली. पुढची पाच वर्षं वेळेबद्दल कोणाची तक्रार आली नाही.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली दहावीचा नवा अभ्यासक्रम आला. तोवर त्या शाळेत मुलं बीजगणिताला बसत आणि मुली शिवणाला. आता मुलींनाही तेच गणित होतं. सात मुली सुईदोरा ठेवून बाकांवर आल्या. त्यांत सगुणाबाईची पंचफुला होती.

गणिताचे शिवलिंग सर फार छान शिकवत. यावर गावात दुमत नव्हतं; ऐकायला मात्र थोडंच मिळे. मानवतला त्यांच्या भावांची भुसार मालाची आडत होती. सकाळचे सौदे आटोपून सर सायकलवर निघत आणि अकरा दहाच्या तासाला अकरा पस्तीसला पोचत. घाम पुसत, फळा पुसत. मग शिकवायला लागत, आणि मुलं वहीवरून मान वर काढत.

दिवाळीनंतरची गोष्ट. सगुणाबाई भाकरी थापत होती, पंचफुला शेजारी बसली होती.

"आज काय शिकलीस गं?"

"क्ष."

"म्हंजी काय?"

"ते सर सांगायलेच व्हते. तवर तुजा टोल पडला."

"आन् काल?"

"काल बी तुजाच पडला."

सगुणाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. ती उलटायची राहिली आणि करपली.

दुसऱ्या दिवशी शिवलिंग सरांचा पाय वर्गाच्या उंबऱ्यात पडला तेव्हा तिनं घड्याळ पाहिलं. तिथून चाळीस मिनिटं मोजली आणि सव्वाबाराला टोल दिला. इतिहासाचे व्यंकटराव सर नकाशाची गुंडाळी घेऊन पंचवीस मिनिटं दाराबाहेर उभे होते. पुढचे सगळे तास तेवढेच सरकले. शाळा सुटली पाच पंचवीसला. पाथरीची एसटी पाच दहाला निघून गेली होती, आणि व्यंकटरावांसह पाथरीचे चार शिक्षक रस्त्यावर उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी व्यंकटरावांनी विचारलं, "सगुणाबाई, घड्याळ बंद पडलं काय?"

"न्हाई सर, चालू हाय."

"मग तुमी?"

"मी बी चालूच हाय."

शनिवारी माणिकरावांनी तिला खोलीत बोलावलं. "सगुणाबाई, हे काय करायलाव तुमी? अशानं नोकरी जाईल."

तेवढं तिलाही ठाऊक होतं. सटवाजीला बारमाही काम नव्हतं. घर तिच्या पगारावर चाले. ती म्हणाली, "तास चाळीस मिनिटांचा, आसं तुमीच सांगितलं व्हतं."

"घड्याळाप्रमाणे द्यायचा टोल. सर येवोत न येवोत."

"बरं. तेवढं लिहून द्या."

माणिकरावांनी कागद ओढला. 'वर्गावर शिक्षक हजर असोत वा नसोत,' एवढं लिहिलं आणि वाचून पाहिलं. खोडलं. 'अध्यापन झाले असो वा नसो,' असं लिहिलं. तेही वाचून पाहिलं. खाली त्यांची सही यायची होती आणि शाळेचा शिक्का. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"जा तुमी. बघतो मी."

बघितलं ते व्यंकटरावांनी. सोमवारी ते सकाळीच मानवतच्या आडतीवर जाऊन उभे राहिले. "शिवलिंगराव, तुमची ज्वारी तुमचे भाऊ इकतील. आमची गाडी कोण थांबवणार हाय? चला."

मार्चपर्यंत पाथरीचे चौघे पाळीपाळीनं मानवतला उतरत आणि सरांना घेऊन येत. अकरा दहाला सर वर्गात असत. टोल अकरा पन्नासला पडे. शाळा पाचला सुटे.

निकालात सातपैकी पाच मुली गणितात पास झाल्या. पंचफुलाला शंभरात एकसष्ट मिळाले. माणिकरावांनी वार्षिक अहवालात लिहिलं की गणितासाठी जादा तास घेण्यात आले. पंचफुलानं ते आईला वाचून दाखवलं.

"जादा कुठले? व्हते तेवढेच घेतले," सगुणाबाई म्हणाली.

जूनपासून टोलाचं काम नव्या शिपायाकडे, चंद्रभानकडे गेलं. तो घड्याळाप्रमाणे देई. शिवलिंग सर पुन्हा सौदे आटोपून येऊ लागले आणि पाथरीची गाडी कोणाची चुकली नाही.

पंचफुलानं परभणीला अकरावीत शास्त्र शाखेला नाव घातलं. ती दर रविवारी गावी येई. नापास झालेल्या दोघी ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी तिच्याकडे येऊन बसत. नंतर नव्या दहावीतल्या तिघीही येऊ लागल्या. सगुणाबाई त्यांना ओसरीवर पोतं अंथरून देई. घरात घड्याळ नव्हतं. समजेपर्यंत बसायचं, एवढंच ठरलेलं होतं.