सासूबाईंचं निदान

भाजी खारट झाली तर आमच्या सासूबाई म्हणणार, "मीठच मेलं खारट निघालं!" स्वतःची चूक या बाईंनी जन्मात कबूल केली नव्हती. म्हणून तर हे सांगते.

मी ज्या कचेरीत स्वागतकक्षात बसते, तिथल्या कुंड्या त्या वीस वर्षं सांभाळतात. सगळ्यांत लाडकी ब्रोमेलियाड. अननसासारखी पानं, मधोमध पेल्यासारखा खळगा, पाणी त्यातच घालायचं. वीस वर्षांच्या सेवेबद्दल साहेबांनी तांब्याची झारी दिली, तेव्हापासून बाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

दोन महिन्यांत या झाडांची पानं काळी पडायला लागली. सासूबाई तोंडाच्या फटकळ. "ती फरशीवाली फिनेल सांडत असणार," साहेबांसमोरच म्हणून मोकळ्या झाल्या. साहेबांनी तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. त्या संध्याकाळी सासूबाईंनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "अगं, मी आपलं बोलून गेले. बघितलं कुठं होतं?"

मग दुसऱ्या दिवशी कचेरीत नीट बघायला बसल्या. मधलं पान हलकेच ओढलं. बुडखा कुजला असता तर हातात आलं असतं, नाही आलं. मुळं काढून हुंगली, ना कुबट वास, ना फिनेलचा. पानांखाली कीड नाही. उजेडही तोच. शेवटी जिन्याजवळची कुंडी दिसली, तीही ब्रोमेलियाडचीच, पण एकदम ठणठणीत! तिला पहारेकरी प्लास्टिकच्या बाटलीनं पाणी घालायचा.

सासूबाईंनी हातातली झारी खाली ठेवली. क्लोरीन उडून जावा म्हणून नळाचं पाणी दोन दिवस ठेवून मग घालायची त्यांची जुनी शिस्त. आधी ते बादलीत असायचं, आता झारीत. तांबं पाण्यात उतरत होतं, आणि या झाडाला तांबं म्हणजे विषच.

तडक साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "जाऊ द्या हो, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना! सगळ्यांना खाली बोलवा."

अख्ख्या कचेरीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "झाडांची वाट मी लावली. फरशीवालीचा काडीचा दोष नाही. काढायचं तर मला काढा."

माझी सासू बरं का ही! ऊर भरून आला माझा.

"तुम्हाला काढलं तर झाडं कोण बघणार?" म्हणत साहेबांनी तिथूनच फरशीवालीला फोन लावला. ती रडायला लागली, तसा सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला.

"रडतेस काय? उद्यापासून कामावर ये. आणि सगळे आल्यावरच ये. त्यांच्यासमोर तुझी माफी मागायचीय मला."