माझा राजीनामा, नानांचा फोटो

मी आयुष्यात एकाच पदाचा राजीनामा दिला आहे. त्या पदाला पगार नव्हता, खुर्ची नव्हती, आणि ते मला मटणाचं जेवण चालू असताना मिळालं होतं.

जेवण सासुरवाडीचं. माझे सासरे, नाना, डोंबिवलीच्या पुढे शीळ रस्त्याच्या आतल्या गावचे. पूर्वी तिथे त्यांचं भात पिकायचं. आता चहूबाजूंनी वीस-वीस मजली इमारती पिकतात आणि मधल्या उरलेल्या शेतात गावाचा फुटबॉल क्लब खेळतो. शेत नानांचं, म्हणून अध्यक्ष नाना. (त्यांना फुटबॉल आवडतो का, हे विचारायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही.) त्या दिवशी काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "क्लबचं इन्स्टाग्राम आहे का?" झालं! माझ्या ताटात आणखी एक नळी पडली आणि मी सोशल मीडिया प्रमुख झालो. फुटबॉलमधलं मला इतकंच कळतं की हात लावायचा नाही.

पण खेळ कळायची गरज नव्हतीच. गरज होती ती पोस्टरशास्त्राची. आमच्याकडे कुठल्याही आनंदाचं पोस्टर एकाच पद्धतीने बनतं: सगळ्यात वर नाना, हात जोडलेले, गळ्यात जहाजाच्या नांगराला शोभेल अशी चेन. त्यांच्या खाली वयाच्या क्रमाने सगळी कमिटी. आणि ज्याच्यासाठी पोस्टर आहे तो मनुष्य अगदी तळाशी, लिंबाच्या बीएवढा. एकदा मी आगाऊपणा करून नुसता गोल मारणाऱ्याचा फोटो टाकला. अर्ध्या तासात क्लबचा सेक्रेटरी प्रमोद फोनवर. "दाजी," तो म्हणाला (मी अख्ख्या गावाचा दाजी आहे), "पोरगा अनाथ वाटतोय."

तेव्हापासून मी क्रम सोडला नाही. घात केला तो घोडबंदर रोडने.

आम्ही सेमीफायनल जिंकलो त्या संध्याकाळी मी ऑफिसातून ठाण्यातल्या घरी निघालो होतो आणि माझी बस कासारवडवलीला ट्रॅफिकमध्ये नेहमीप्रमाणे समाधी लावून उभी होती. मी तिथेच पोस्टर बनवलं आणि टाकलं. ते चौकोनात बसवताना इन्स्टाग्रामने वरचा भाग छाटला, हे मला दिसायच्या आत फोनने प्राण सोडला. पुढचे दोन तास बसमध्ये मी अत्यंत सुखी होतो.

घरी चार्जर लावला आणि गावाने माझ्या मोबाइलवर केलेली आतषबाजी उघडली. पोस्टरवर नानांचं मुंडकंच नव्हतं! मिशीच्या वरचा सगळा मुलूख गायब. खाली जोडलेले हात आणि चेन. कोणीतरी कमेंट टाकली होती, 'चेनवरून ओळखले.' मी घाबरत नानांना फोन लावला. ते ओरडले नाहीत, तेच वाईट.

"जावयबापू," ते शांतपणे म्हणाले, "चेन हाय, हात हायेत. मी कंय हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या गेटला कुलूप लागलं. रविवारी फायनल, तीही आमच्याच मैदानावर, आणि चावी नानांच्या बंडीच्या खिशात. माझी बायको सुजाता म्हणाली, बाबांनी जेवण सोडलंय. (सोडलं होतं ते फक्त घरचं. शेजारी ते बोंबलाचं कालवण आणि चार भाकऱ्या खाऊन आले होते.) ती पुढे म्हणाली, गेट उघडलं नाही तर तू गावात यायचं नाहीस, आणि मी तिथे गेले की परत यायची नाही.

कमिटीने तातडीची बैठक घेऊन ठरवलं की कोणीतरी पद सोडलंच पाहिजे, आणि माझी गरज त्यातल्या त्यात कमी आहे. मी राजीनामा लिहिला. भाषा अशी जड झाली होती की वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला. प्रमोदने तो वाचलाही नाही.

"दाजी, पत्र कोण वाचतो? पोस्टर बनवा."

बनवलं. यावेळी एकेक इंच मोजून! वर नाना, पूर्ण नाना, टकलासकट, आजवरचे सगळ्यात मोठे नाना. कपाळावर लाल अक्षरांत 'जाहीर राजीनामा'. मग क्रमाने कमिटी. आणि तळाशी, ज्याचा राजीनामा तो, लिंबाच्या बीएवढा मी.

पद्धत एका शब्दानेही मोडली नव्हती. आणि अख्ख्या गावाने वाचलं की नानांनी राजीनामा दिला.

मी आणि सुजाता माफी मागायला पोचलो तेव्हा नानांच्या अंगणात चपलांचा ढीग कंबरेएवढा होता. फुटबॉलची टीम खाली बसली होती. भजनी मंडळ आलं होतं. शेताच्या बांधाच्या भांडणावरून नानांशी पंधरा वर्षं न बोललेले बळीरामशेठ रडत होते, आणि हुंदक्यांमधून सांगत होते की नानांशिवाय भांडायला गावात माणूस उरणार नाही. नाना झोपाळ्यावर बसून सगळ्यांकडून नको-नको करवून घेत होते. आपण राजीनामा दिलेला नाही, हे त्यांनी एकालाही सांगितलं नव्हतं.

दोन तास विनवण्या ऐकल्यावर ते उठले, लोकाग्रहास्तव राजीनामा मागे घेतला आणि प्रमोदच्या हातात चावी ठेवली. टाळ्या अशा वाजल्या की समोरच्या टॉवरचे लोक गॅलरीत आले. फायनल रविवारी झाली. आम्ही चार-शून्यने हरलो, पण मिरवणूक नानांची निघाली.

गर्दी ओसरल्यावर मी नानांना कोपऱ्यात गाठलं आणि हळूच म्हणालो, राजीनामा तर माझा होता.

"पोस्टर येक, राजीनामा येक," नाना म्हणाले. "तो मी मागं घेतला. मंग तुमचा कंचा ऱ्हायला?"

म्हणजे मी अजून पदावर आहे. सुजाता म्हणते, मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्याही राजीनाम्याची कोणीतरी दखल घेतली असेलच. घेतली. ठाण्यात परतलो तेव्हा आमच्या सोसायटीच्या वॉचमनने मला गेटवर थांबवलं, मोबाइलवर ते पोस्टर दाखवलं आणि फार काळजीने विचारलं, "साहेब, हे वरचे काका बरे आहेत ना? आणि खाली हा डाग कसला पडलाय?"