जानकीची सही

हळदीच्या त्या डागाची गोष्ट मी आजवर वीस जणांना तरी सांगितली असेल. हॉटेलवाल्यांशी कशी भांडले, कार्डावर लावलेले पैसे बँकेकडून कसे परत मिळवले — अगदी रंगवून, हातवारे करून. खरी मात्र एकालाही सांगितली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुला सांगतेय. अडखळेन मी, पण सांगते.

आधी माझं काम सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी भिवंडीत एका गोदामात क्लेम बघते. ट्रकमधून माल फुटून आला, तर नुकसान कोणाच्या माथी मारायचं ते ठरवायचं. त्यात एकच गोष्ट बघायची असते. माल उतरवताना चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, कोणी ‘माल ठीक’ लिहून सही केली, की विषय खलास. नंतर खोक्यातून काचेचा चुरा निघू दे नाहीतर काय निघू दे — जबाबदारी सही करणाऱ्याची. नव्या पोरींना मी हेच घोकवते. स्वतः सही करताना दहादा बघा, आणि दुसऱ्याची सही मिळाली की आधी तिचा फोटो काढा. हमाल मला क्लेमवाली मॅडम म्हणतात. फार आवडायचं मला ते.

तर, माझ्या भाचीचं लग्न होतं. बहिणीच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून पडघ्याजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात मी खोली घेतली, माझ्या क्रेडिट कार्डावर. ते कार्ड नवऱ्याला पहिल्यापासून खुपत होतं. ‘एक दिवस अडकशील’ म्हणायचा. हे लक्षात ठेव.

हळद सकाळी लागली. आमच्याकडची हळद तुला माहीत आहे — नवरीला बोटभर आणि बाकीच्यांना बादलीभर. पोरींनी मला डोक्यापासून पायापर्यंत माखलं. कंबर इतकी भरून आली होती की खोलीवर आले आणि तशीच, त्या ओल्या साडीत, पांढऱ्याशुभ्र गादीवर आडवी झाले. दोन मिनिटं म्हणून. जाग आली तर दुपार झालेली, आणि खाली हा एवढा पिवळा डाग! घाबरून मी काय करावं? साबण घेतला आणि घासत सुटले. एवढी चाळीशीची बाई मी, हळदीवर साबण लावला की ती लालभडक होते हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं गं. पण त्या क्षणी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे.

तेवढ्यात खोली झाडायला जानकी आली. अंबाडी गावापलीकडच्या पाड्यावरची, माझ्याच वयाची, बारीक अंगाची. गादी बघितली, मला बघितलं — आणि हसली. माझ्या हातातला साबण काढून घेतला. म्हणाली, “ताई, साबन नका लावू. उन्हात टाकू, उन्हानं हलद जाते.” चादर तिनं गच्चीवर नेली. दोनदा पाणी मारून उलटसुलट केली. चादरीचा डाग खरंच फिका पडला. गादी काही उचलून नेता येईना. मग आम्ही दोघींनी मिळून ती पालथी घातली. हो, दोघींनी. पण कल्पना माझी.

दुसऱ्या दिवशी खोली सोडताना तिच्याकडे तो कागद होता — ‘खोली तपासली’ असं छापलेला. तिनं पेन हातात धरलं आणि थांबली. मीच म्हणाले, “लिही ना गं ठीक आहे म्हणून, लग्नघर आहे, कुठे बोभाटा करतेस.” तिनं सही केली. एकेक अक्षर सुटं, दाबून, जीभ दातात धरून. मोठेपणी शिकली होती सही करायला. मला कौतुकानं दाखवली. पैसे दिले ते घेतले नाहीत, लग्नातले चार लाडू तेवढे घेतले. आणि मी — मी त्या कागदाचा फोटो काढला. सवयीनं, असं मी स्वतःला सांगत आले. सवयीनं कसला? ती सही काय कामाची आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

आठ दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला. हॉटेलनं गादीचे पैसे कार्डावर लावले होते, आणि वर पडद्यांचेही. पडद्यांना मी बोटसुद्धा लावलं नव्हतं! माझं डोकंच फिरलं. चोर लेकाचे, म्हटलं. पण मला एवढंच लिहिता आलं असतं ना — की गादी माझ्याकडून खराब झाली, तिचे घ्या, पडद्यांचे परत द्या? घरात मग नवऱ्याचं ‘सांगितलं होतं ना’ ऐकावं लागलं असतं. एवढंच. चार दिवस टोमणे ऐकले असते, मेले नसते.

मी बँकेला लिहिलं की खोली मी स्वच्छ सोडली, दोन्ही रकमा खोट्या लावल्या आहेत, आणि सोबत हॉटेलच्याच बाईची सही जोडली आहे. जानकीनं माझी अब्रू राखायला केलेली सही मी पुरावा म्हणून पाठवली. पाठवताना तिचा चेहरा डोळ्यांपुढे आला होता. मी बटण दाबलं. बँकेनं तो फोटो हॉटेलपुढे ठेवला, आणि पैसे परत आले. ऑफिसात पेढे वाटले मी! लोक सल्ला विचारायला यायला लागले.

मागच्या पावसाळ्यानंतर ठेकेदारानं आमच्या गोदामात पॅकिंगला नव्या बाया आणल्या. रांगेत जानकी. मी मान फिरवली, पण तिनंच ओळखलं. “ताई! साडीची हलद गेली का?” हॉटेल का सोडलं, हे मी विचारलं नाही; तिनंच सांगितलं. मॅनेजरनं तो कागद तिच्यापुढे टाकला, पाहुण्यांशी साटंलोटं केलंस म्हणाला, महिन्याचा पगार कापला आणि काढून टाकलं. ती गयावया करत होती तेव्हा बाकीच्या बाया बघत होत्या, म्हणाली. मग आवाज खाली आणून मलाच विचारते, “तुमाला तर काही तरास दिला न्हाय ना त्यांनी?”

मी म्हणाले, “नाही गं.”

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतरही रोज सांगता आलं असतं. ती माझ्यापासून वीस पावलांवर खोके चिकटवते. डबा खाताना मला हाक मारते. मी नाही सांगितलं. भिते मी तिला. ती चिडेल याला नाही भीत — ती ‘जाऊ द्या ताई’ म्हणेल, याला भिते.

हजेरीचं बुक माझ्या टेबलावर असतं. पहिल्या दिवशी मी पेन पुढे केलं, तर तिनं हात मागे घेतला. “सही न्हाय करत मी आता,” म्हणाली, “अंगठाच घ्या.” इतर बाया सही करतात, नाहीतर गिचमिड ओढतात. जानकीचा नंबर आला की मी खणातून शाईचं पॅड काढते, झाकण उघडते आणि तिच्यापुढे धरते. रोज सकाळी.