लौकीला दाखवलेलं बोट

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या लाइनीतल्या प्रत्येक क्वार्टरला माहीत होतं. त्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटते ती एका लोखंडी ड्रमची. माझ्या मुलीच्या उजव्या हाताचं एक बोट त्या ड्रमपायी बिघडलं, आणि बिघडवलं मी. डॉक्टरला दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आम्ही वर्धेकडचे. भिलाईत कारखान्याच्या ऑफिसात मी कारकून. तेव्हा हे सगळं मध्य प्रदेशच होतं. क्वार्टरपुढे चार पावलांचं अंगण, आणि त्यात मुरूम इतका कडक की कुदळ मारली तर मनगटच दुखायचं. तिथं काय उगवणार, कपाळ! पण पोरं मागे लागली. शाळेत कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की डब्यातही भाजी होते. मग आम्ही वनस्पती तुपाचे रिकामे डबे जमवले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, एक फुटकी बादली घेतली, एक गंजलेलं घमेलं. मुलगा दहा वर्षांचा होता, त्यानं मिरच्या आणि मेथी लावली. मुलगी सहाची. तिला लौकीच पाहिजे. दुधी भोपळा म्हणा, आमच्याकडे लौकीच म्हणतात.

कुरुदकडून एक भाजीवाली टोपली घेऊन यायची, तिनं पोरीच्या तळहातावर चार बिया ठेवल्या होत्या. पोरगी त्या बिया उशाशी घेऊन झोपायची. "बाबा, माह्या लौकीले मोठ्ठा डबा पाहिजे," रोज तेच. लौकीचा वेल डब्यात मावत नाही हे खरंच होतं. शेवटी एका इतवारी मी खुर्सीपारला गेलो आणि भंगारवाल्या कबाड्याकडून अर्धा कापलेला ड्रम सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला.

ड्रमच्या बुडाशी डामर, म्हणजे डांबर, होतं. कबाड्यानं बजावलं होतं, "बाबूजी, अंदर पैरा डालके जला लेना, फिर मिट्टी भरना." पैरा म्हणजे भाताचं तणीस. ड्रम आडवा करायचा, आत तणीस पेटवायचं, डामर जळून खरपुडी धरली की खरडून काढायची. आमच्या लाइनीत ज्यानं ज्यानं ड्रममध्ये काही लावलं, त्यानं हेच केलं होतं. पण तणीस आणा, धूर करा, शेजाऱ्यांची बोलणी खा, इतवार सगळा त्यातच जायचा. नळ जायला आला होता. मी दोन बादल्या पाणी मारलं, मूठभर रेती घेऊन बुड घासल्यासारखं केलं, आणि म्हटलं, चालते. अजूनही कोणी "चालते" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

वेल आला, आणि काय आला! दोरीनं खिडकीच्या गजावर चढवला. पानांवर कारखान्याची लाल धूळ बसायची, पोरगी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. बायकोला तिला दामटून जेवायला आत न्यावं लागे. पहिली लौकी धरली, करंगळीएवढी, तेव्हा तिनं मला ऑफिसातून आल्या आल्या चपलाही काढू दिल्या नाहीत. हात लांब करून दाखवायला लागली, तर मीच तिचा हात खाली केला.

"बोट नाही दाखवाचं, सडते. मूठ दाखवाची."

माझी आई मला हेच सांगायची, तिला तिच्या आईनं सांगितलं असेल. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं. आमच्याकडे लहान पोरालाही हे ठाऊक. पोरीनं लगेच बोट दुमडलं आणि मुठीनं लौकी दाखवली. मी हसलो. तेवढंच हसलो असेन त्या वेलापायी.

चार दिवसांत ती लौकी टोकापासून काळी पडली आणि गळली. दुसरी धरली, ती पण काळी. पोरगी गळलेली लौकी फ्रॉकच्या खिशात घालून हिंडायची. तिसरी मात्र वीतभर झाली. घरात सगळ्यांचा जीव त्या लौकीत. कोशिंबीर करायची की भाजी, यावर भावाबहिणीचं भांडणही झालं.

एका सकाळी मी दाढी करत होतो. तिसरीचंही टोक काळं दिसलं आणि माझ्या अंगाची लाही झाली. तेवढ्यात पाहतो तर पोरगी शेजारच्या मैत्रिणीला लौकी दाखवून राहिली आहे. बोटानं. सरळ, ताठ बोटानं. मी तसाच साबण लावलेल्या तोंडानं बाहेर गेलो आणि तिच्या हातावर फाडकन मारलं. मैत्रिणीच्या देखत.

"किती डाव सांगतलं तुले? तूच सडवली! तिन्ही तूच सडवल्या!"

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. आत गेली आणि आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी त्या बोटाला बांधून आली. मी म्हटलं, करू दे नाटकं.

चिंधी आठवडाभर सुटली नाही. शाळेतून बाईंचा निरोप आला. नकाशावर मध्य प्रदेश दाखव म्हटलं तर मुलीनं मूठ ठेवली, वर्ग हसला, तरी बोट उघडलं नाही. "आपकी बच्ची ज़िद्दी है," असं वहीत लिहिलेलं. मी सही केली. बायको म्हणाली, "पोरगी घाबरली हो. कावून मारलं तिले एवढं?" मी तिलाच खेकसलो.

मग एका दुपारी मी जेवायला घरी आलो, तेव्हा भाजीवाली आली. वेल तोवर पिवळा पडला होता. बाईनं टोपली खाली ठेवली, ड्रममधली माती मुठीत घेऊन हुंगली, आणि वेल बुडापासून उपटला. मुळं वर बरी होती, खाली जिथं बुडाला टेकली तिथं काळी, चिकट.

"माटी ले डामर के बास आवत हे, बाबू," ती म्हणाली. "जलाय नइ रहेव का?"

मातीला डामराचा वास येतोय, ड्रम जाळला नव्हता का, असं विचारत होती. जाळलं नव्हतं. ती काळी मुळं हातात धरून मी उभा राहिलो. पोरगी शाळेतून आली की तिला सांगायला पाहिजे होतं की बाई गं, तुझं बोट नाही, माझा आळस आहे हा. एवढंच वाक्य! पण मला नाही जमलं. बापानं सहा वर्षांच्या पोरीपुढे चूक कबूल करायची, हे माझ्या डोक्यात बसतच नव्हतं. मी भाजीवालीला म्हटलं, "बच्ची को कुछ मत बोलना." बाईनं माझ्याकडे पाहिलं, टोपली उचलली आणि गेली. त्यानंतर ती आमच्या दारी थांबली नाही.

पोरं शाळेत असताना ड्रम मी कबाड्याला परत देऊन टाकला. बायकोला सगळं कळलं होतं. "पोरीले सांगा ना," ती म्हणायची. "सांगीन," मी म्हणायचो. महिने गेले, मग वर्षं गेली, मग तिनं म्हणायचंच सोडलं. मुलाच्या मिरच्या दरवर्षी डब्यांत लागत राहिल्या. मुलगी त्यांना पाणी घालायची, पण कधी काही लावलं नाही. कोणी म्हटलंच तर सांगायची, "माह्या हाताले नाही येत."

ती मोठी झाली, लग्न झालं, तिलाही मुलगी झाली. मी रिटायर झालो आणि क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा दोघी मदतीला आल्या. अंगणात मिरच्यांचे सात-आठ डबे उरले होते. नात चार वर्षांची, घरात मराठी आणि बाहेर पडली की हिंदी. मुलीनं तिला मिरची दाखवली ती मुठीनं. तिशीला आलेली बाई, अजून मूठच. मी तिकडे पाहायचं टाळलं.

"आजोबा, ये वाली तोडू?" म्हणत नातीनं एका कोवळ्या मिरचीला बोट दाखवलं.

आणि माझ्या तोंडून, देवाशपथ, आपोआप निघालं, "बोट नको दाखवू, सडते!"

नातीचा हात तिथंच थांबला. मुलगी डबे पुसत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"दाखवू द्या, बाबा," ती म्हणाली. "या डब्यात डामर नाही."

मी पायरीवर बसलो. "तुले... माहीत होतं?"

"भाजीवाली आली तवा जाळीच्या दाराआड उभी होती मी. पोट दुखते म्हणून शाळेतून लवकर आली होती."

"मग बोलली कावून नाही?"

"तुम्ही सांगान म्हणून वाट पाहून राहिली होती." तिनं फडकं पिळलं. "आधी रोज वाट पाहिली. मग दिवाळीपर्यंत. मग सोडून देल्ली."

"अन् माहीत होतं तर अजून मूठ कावून?"

"आता उघडत नाही ते. सवय झाली."

तिच्या आवाजात राग असता तर मला रागावता आलं असतं. राग नव्हता. नात आमच्या दोघांकडे पाहत होती. मुलीनं तिचा हात धरला, तिचं एवढंसं बोट सरळ केलं आणि मिरचीवर ठेवलं. "दाखव. काही होत नाही," म्हणाली.

तेव्हा तरी मी म्हणायला पाहिजे होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते, आणि ऐकणारी समोर बसली होती. मी उठलो आणि म्हटलं, ट्रक येईल आता, डबे उचला. आणि पहिला डबा मीच उचलला.