पाच अँपिअरचा ट्रक

आमचे अबू सिनान, म्हणजे माझ्या सिनानचे बाबा, एकदा हट्टाला पेटले की मी सरळ स्वयंपाकघर गाठते. बोलून काही उपयोग नसतो. उभी हयात वाळवंटातून ट्रक हाकण्यात गेली. बसरा, बगदाद, अम्मान आणि पुन्हा उलटं. असल्या माणसाला बायको काय वळवणार, कपाळ!

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध धुरकट दिसायला लागलं, कुठल्याच चष्म्याने जाईना. परवाना गेला, ट्रक विकला. घरात बसून माणूस असा काही गप्प झाला की मला कळेना, चहा ह्यांना देतेय की भिंतीला. शेवटी आमच्या सिनाननेच बापाला कॉम्प्युटरवर ट्रकचा गेम लावून दिला. हातात स्टिअरिंग, पायाशी ब्रेक, सगळं अगदी खऱ्यासारखं. "अहो, ह्या वयात गेम?" म्हणून मी हसले होते. पण हळूहळू जुने सोबती त्यात येऊन मिळाले. जासिब आता स्वीडनला असतो, शौकत अम्मानला, आणखी तिघं आणखी कुठेकुठे. दर शुक्रवारी नमाज झाला की सहा ट्रकांचा ताफा निघायचा आणि सगळ्यांच्या पुढे आमचे अबू सिनान. खऱ्या रस्त्यावरही तेच पुढे असायचे. मग काय, स्पीकरवर नुसता आरडाओरडा, टोमणे, खिदळणं. मला माझा नवरा परत मिळाला, आणखी काय सांगू?

आणि तिथेही डोळे आडवे आले. रस्त्यावरच्या पाट्या वाचता येईनात. एकदा सगळ्यांना भलत्याच फाट्याने नेलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. जासिब तोंडाचा फटकळ. "अरे, पाटी दिसत नसेल तर मागे ये ना बाबा! आम्हाला काय समुद्रात घालतोस? आणखी एक शुक्रवार बघतो. त्यानंतर पुढे शौकत." सगळे हसले. हे पण हसले. पण त्या दिवशी जेवले नाहीत.

सिनानच्या ऑफिसचं सामान विकायला निघालं होतं, त्यातून त्याने एक भलामोठा मॉनिटर उचलून आणला. फोर-के का काय म्हणतात तो. मी म्हटलं, हा मॉनिटर आहे की दार? पण तो चालू झाला आणि हे खुर्चीतून उठलेच. "उम्म सिनान, अक्षरं दिसताहेत गं! स्वच्छ दिसताहेत!" दिसत होती खरी, पण चित्र पुढे सरकेना. ट्रक उडी मारायचा, थांबायचा, पुन्हा उडी. सिनान म्हणाला, "बाबा, ह्याच्यावर चौपट ठिपके आहेत. आपलं जुनं ग्राफिक्स कार्ड एवढं ओढू शकत नाही. ठिपके कमी करून बघू." केले कमी. ट्रक पळायला लागला आणि अक्षरं पुन्हा धुरकट.

"मग दाराएवढं आणलंस कशाला?" हे म्हणाले. "ओढणारं बदलू."

गच्चीवर कधीपासून ट्रकचे दोन जुने टायर पडले होते, मला हात लावू द्यायचे नाहीत. ते विकले, वर साठवलेले पैसे घातले. मला घेऊन कॉम्प्युटर बाजारात गेले. दुकानदार लुअय पोरगेलासाच होता. म्हणाला, "हाजी, नातवाच्या गेमला एवढं महाग कार्ड कशाला? चित्र जरा साधं ठेवा, त्याला कळणारसुद्धा नाही."

"नातवाला नाही. मला खेळायचंय."

दुकानात कुणीतरी फिस्सकन हसलं. माझं डोकंच फिरलं, पण हे शांत. "पोरा, ट्रेलर मोठा आणि इंजिन छोटं असलं की चढावर काय होतं ते मला सांगू नकोस. ह्या मॉनिटरच्या मापाचं इंजिन काढ."

कार्ड घरी आलं तर ते कॅबिनेटमध्ये मावेना! सिनानने कपाळाला हात लावला. ह्यांनी काय करावं? आतला बिनकामाचा पत्रा हाताने चाचपला आणि करवतीने कापून टाकला. मग कळलं, कार्डाला वीज पुरत नाही. पुन्हा बाजार, नवा पॉवर सप्लाय. एवढं झाल्यावर संध्याकाळी चालू केलं, तर काय चित्र होतं म्हणता! रस्ता तेल लावल्यासारखा सुळसुळत आला. मीसुद्धा बसून बघितलं.

फक्त एक घोळ झाला. आम्ही तिघांनीही ते बघितलं सरकारी विजेवर. सरकारी वीज गेली की गल्लीचा जनरेटर, आणि त्यावर आम्ही पैसे भरून घेतलेले अँपिअर फक्त पाच, त्याहून जास्त ओढलं की बटण पडतं. फ्रीज, कूलर, पंखा, झालं. इथे जन्म काढलाय, तरी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे येऊ नये!

शुक्रवार उजाडला. जुलैची दुपार, मी भात भरलेल्या भाज्यांचा डोलमा शिजत घातलेला. ताफा निघाला, हे पुढे. वाळवंट अर्धं मागे पडलं आणि सरकारी वीज गेली. यूपीएसने कसाबसा धीर धरला, जनरेटर आला, फ्रीज घरघरला आणि खट! सगळं घर मेलं.

आमच्या लाइनचं बटण जनरेटरवाल्या हातिमच्या फळ्यावर. मी तशीच ओल्या हातांनी धावले.

"काय उम्म सिनान, घरात बर्फाचा कारखाना काढलात का?"

"ट्रक काढलाय! वर कर ते बटण!"

"पुन्हा पडेल."

"नाही पडणार. कर म्हणते ना!"

घरी येऊन मी आधी फ्रीजची पिन उपटली, मग कूलरची. हे काळ्या पडलेल्या मॉनिटरसमोर डोकं धरून बसलेले. "राहू दे. मी गेममध्ये परत आलो तर मागच्या पंपापासून सुरू होतं. ते केव्हाच पुढे गेले असतील, शौकतच्या मागे. आणि तू उकाड्याने मरशील."

"मेले तर मेले. लावा ते!" मी ओरडलेच. "एवढा पत्रा कापलात तो काय ह्यासाठी?"

लावलं. मॉनिटर उजळला. वाळू, रस्ता, पंप. आणि पंपावर ओळीने पाच ट्रक उभे, सगळ्यांचे दिवे लुकलुकताहेत.

"कुठे तडमडला होतास?" जासिब खेकसला. "एवढ्या लांबून मागे वळवलंस आम्हाला!"

 हे म्हणाले, "शौकत होता की पुढे न्यायला."

"मी?" शौकत म्हणाला. "ह्या रस्त्यावर मी कधी तुझ्या पुढे गेलोय का रे?"

 ह्यांनी ट्रक हळूहळू त्या रांगेच्या बाजूने नेला, एकेकाकडे निरखून बघत. मग थांबले.

"जासिब, तुझा मागचा डावा दिवा गेलाय."



"दिसला तुला?" जासिबचा आवाज बदलला होता.

"दिसला."

"मग हो पुढे."

मी दाराशी घामाने निथळत उभी होते. ओढणीने वारा घेता घेता डोळे पुसले आणि डोलमा करपला का ते बघायला आत गेले.