कुंकवाखालचा आकडा

आत्या गेल्याची तार अक्कलकोटला मी शिकवते त्या शाळेत आली. ‘नीलव्वा वारल्या. किल्लीसह या.’ तारेत माणूस शब्द जपून वापरतो. आत्याचे दीर आण्णाप्पाकाका यांनी चारातले दोन किल्लीवर खर्च केले होते. मला रडू यायच्या आधी राग आला, आणि दोन महिने होत आले तरी तो गेलेला नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना राग बाजूला ठेवावा म्हणतात. पण आत्यावर लिहायचं आणि राग बाजूला ठेवायचा, हे तिलाच पटलं नसतं.

तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. सोलापुरात त्यांचं सुताचं लहानसं दुकान होतं. भावाच्या खोल्यांना लागून त्यांनी स्वतःच्या कमाईनं दोन खोल्या घेतल्या आणि तब्येत ढासळल्यावर रीतसर बक्षीसपत्र नोंदवून त्या आत्याच्या नावावर केल्या. ते गेले तेव्हा ती पस्तिशीची होती, मूलबाळ नव्हतं. ती आता माहेरी येणार आणि खोल्या आपसूक दिराकडे जाणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं... अगदी माझ्या वडिलांनीसुद्धा. ती आली नाही. चादरींच्या दशा वळून देण्याचं काम तिनं धरलं आणि त्याच खोल्यांत शेवटपर्यंत राहिली.

बक्षीसपत्र पत्र्याच्या ट्रंकेत असायचं. ट्रंक दोन विटांवर, भिंतीपासून चार बोटं लांब, ओल लागू नये म्हणून. आत कडुलिंबाचा वाळला पाला आणि शेजारच्या विडी वळणाऱ्या बाईंनी दिलेली तंबाखूची भुकटी, म्हणजे कसर फिरकत नाही. कागद जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेले. वर्षातून एकदा दसऱ्याला ते बाहेर निघायचे. उघड्या उन्हात शाई उडते म्हणून वर धोतराचं विरळ फडकं टाकायची. परत ठेवताना घडी बदलायची, कारण एकाच घडीवर कागद मोडतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अक्षरओळख नसलेल्या बाईनं कागदाची एवढी बडदास्त ठेवावी, याचं मला आजही नवल वाटतं.

दुकानात मामा चोपड्यांची पूजा करायचे, तशीच ती दसऱ्याला बक्षीसपत्राची करायची. विभूती लावायची आणि ओल्या कुंकवाचं बोट अगदी वर टेकवायची, कचेरीचा शिक्का होता तिथं. विधवेनं कुंकवाला हात लावावा हे बोळातल्या बायकांना रुचलं नाही. एकीनं तोंडावर बोलून दाखवलं. आत्या शांतपणे म्हणाली, “माझ्या कपाळाला नगं म्हणता, न्हाई लावत. ह्येच्या कपाळाला कोण नगं म्हणतंय, बघू की.” पूजा झाली की वाचन. आधी माझे वडील वाचायचे, ते गेल्यावर मी. पहिल्या ओळीपासून सह्यांपर्यंत, एक अक्षर न गाळता. मला कंटाळा यायचा. एकदा मधल्या चार ओळी गाळल्या, तर तिनं दशा वळता वळता मान वर न करता सांगितलं, “सुमे, पश्चिमेची बाजू राहिली.”

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्याच्या पुढच्या वर्षी आण्णाप्पाकाकांनी त्या दोन खोल्यांना स्वतःचं नाव लागावं म्हणून अर्ज दिला. आत्या बक्षीसपत्र घेऊन कचेरीत गेली, सोबत मी. कारकुनानं कागद उजेडाकडे धरला. शिक्क्याच्या जागी लालभडक डाग होता. इतक्या वर्षांच्या ओल्या कुंकवानं दस्ताचा नंबर आणि तारीख दोन्ही खाऊन टाकली होती. असा कागद चालणार नाही, म्हणाला. काका मागे उभे होते. “वैनी, पुजून पुजून तुमीच पुसलंय की.” मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं... दर दसऱ्याला तो कागद माझ्याच तर हातात असायचा, पण आकडा सवयीनं म्हणून जाताना डाग किती पसरला ते मी बघितलंच नव्हतं.

आत्या तिथून थेट दस्त नोंदवतात त्या कचेरीत गेली आणि नक्कल मागितली. तिथल्या कारकुनानं नंबर विचारला. आत्या खिडकीशी उभी राहिली, डोळे मिटले आणि पहिल्या ओळीपासून म्हणायला लागली. कारकून आधी हसला, मग त्यानं टाक खाली ठेवला. पूर्वेस बोळ, पश्चिमेस विहीर, दक्षिणेस सख्खे बंधू आण्णाप्पा यांच्या खोल्या... आणि सगळ्यात शेवटी वरच्या शिक्क्यातली तारीख आणि दस्त नंबर अकराशे सदतीस. तो आत जाऊन बांधीव पुस्तक घेऊन आला. ती म्हणत गेली, तो बोटानं ओळ धरत गेला. कुठंच अडलं नाही.

नक्कल घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा काका ओट्यावर बसले होते. आत्या त्यांच्यासमोर थांबली. “कुंकवानं आकडा पुसला, भावजी. मी पुसली गेली न्हाई.” एवढंच बोलून आत गेली. पुढच्या दसऱ्याला मी तिला विनवलं की कुंकू आता कोपऱ्यात लाव. तिनं त्याच डागावर बोट टेकवलं. तिथलं जायचं ते गेलंय, आता कसली भीती, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून वाचताना मी डागाशी थांबायची आणि आकडा ती म्हणायची.

अखेरच्या वर्षी तिनं खोल्या माझ्या नावे लिहून दिल्या आणि ट्रंकेची किल्ली माझ्याकडे दिली. तार आली त्या दिवशी मी ती पदराला बांधून गेले आणि पदर सोडला नाही. सगळं आटोपल्यावर काका म्हणाले, कागद घराचे आहेत, घरातच राहू देत. मी म्हटलं, “घरातच राहणार आहेत, काका. आणि मीही.” आता मी इथूनच रोज एसटीनं शाळेत जाते.

परवाच्या दसऱ्याला ट्रंक काढली. तंबाखूचा वास आला आणि मी बराच वेळ नुसती रडले. मग कुंकू लावलं आणि वाचायला बसले. भिंतीपलीकडे काकांचा रेडिओ चालू होता. डागाशी आले आणि सवयीनं थांबले... खोलीत कुणी बोललं नाही. पलीकडचा रेडिओही बंद झाला होता. मी उठले, ओट्याकडचं दार सताड उघडलं, आणि बोळात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, “अकराशे सदतीस.”